राजीखुशीने

१४ जुलै, सोमवार

"मॅम, तुमचा टोन थोडा सॉफ्ट ठेवता येईल का?"

टोन! वीस वर्षांहून जास्त झाली काळा कोट घालून नगरच्या कोर्टात उभी राहतेय, एकाही न्यायाधीशानं मला टोन सॉफ्ट ठेवा म्हणून सांगितलं नाही. आणि ही पुण्यात एसीत बसलेली पोरगी सांगतेय! जाणकार कट्ट्यावरची. तज्ज्ञांना सांभाळणं हे तिचं काम आहे म्हणे. सांभाळतेय!

या कट्ट्यावर मी गेल्या दिवाळीपासून आहे. लोकांनी मोबाईलवर अवघड प्रश्न टाकायचा, पैसे भरायचे. दुखण्याचा असेल तर तो डॉक्टरकडे जातो, पिकाचा असेल तर शेतीवाल्याकडे, जमिनीच्या भांडणाचा असेल तर माझ्याकडे. चोवीस तासांत उत्तर द्यायचं. ग्राहक तारे देणार, ताऱ्यांवर आपलं पुढचं काम. ग्राहक कोण ते मला कळत नाही, मी कोण ते ग्राहकाला कळत नाही. माझ्या नावाच्या जागी नुसतं 'वकील, जमीन व वारसा'.

खरं सांगायचं तर तेच मला आवडलं होतं. कोर्टात पक्षकार येतो, माझ्या टेबलासमोर उभा राहतो आणि विचारतो, "साहेब कुठायत?" मीच साहेब आहे रे बाबा! तरी बाकड्यावर बसतो वाट बघत. कट्ट्यावर ती भानगड नाही. बाई आहे का बुवा, कुणाला पत्ता नाही.

तर टोनचं कारण काय? एका दिवट्यानं विचारलं — बहिणीकडून हक्कसोड पत्र लवकरात लवकर कसे घ्यावे? म्हणजे बापाच्या जमिनीतला वाटा बहिणीनं भावाला सोडून द्यायचा, तोही नोंदणी करून, आणि घाई कुणाला, तर भावाला. मी लिहिलं, "बहिणीला विचारून. ती नाही म्हणाली, तर नाही." त्यानं एक तारा दिला. शेरा — उत्तर उद्धट आहे.

आहेच उद्धट. पुढच्या वेळी आणखी असेल.

१५ जुलै, मंगळवार

पुण्याच्या पोरीचा मेल. 'सौम्य भाषेचे सोपे नियम'. वाचला नाही.

१७ जुलै, गुरुवार

आणि आज माझ्याच दारात!

सुन्याचा फोन. माझा धाकटा भाऊ. खर्ड्याला असतो, अण्णांची जमीन तोच बघतो. अण्णा जाऊन वर्ष झालं. आई तर कधीच गेली. त्यामुळे उताऱ्यावर आता दोनच नावं — सुनील रंगनाथ आणि उज्ज्वला. माझं नाव लागलं तेव्हाच गावात कुजबुज झाली होती म्हणे. मी लावलं नाही, कायद्यानं लागलं!

आधी दहा मिनिटं उडीद कसा आहे, पाऊस कसा आहे. मी ओळखलंच, हा काहीतरी मागणार. मग — "ताई, एक काम हुतं. तुजी एक सही पायजे. एकाच नावावर झालं का ठिबकचं, मोटरीचं समदं सोपं हुतंय बघ."

एक सही! जणू कुरिअर घ्यायचंय.

मी म्हटलं, ठिबकला माझं नाव आडवं येत नाही, हवं तिथं संमती देते. मग म्हणाला, "बरं, राखीला ये, मंग बोलू." ठेवायच्या आधी मागून पंकजाचा आवाज आला. पंकजा म्हणजे त्याची बायको. काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. पण हे तिचंच डोकं, मला कुणी सांगायला नको. सुन्याला एवढं पुढचं सुचत नाही. ती तोंडानं गरीब, खाली मान घालून चहा देईल, आणि आतून सगळी सूत्रं हलवील. लग्न झाल्यापासून बघतेय मी.

मला ती जमीन कसायची नाही. भिंगारमध्ये आमचं ठीक चाललंय, ह्यांना लष्कराच्या वर्कशॉपमध्ये नोकरी आहे. पण ते रान अण्णांनी स्वतः घेतलं. वारशानं आलेलं नाही, पै पै जोडून घेतलेलं. किल्ल्यामागचा मुरूम फोडून विहीर खणली तेव्हा पाटीनं माती मीही उचललीय, आणि सुन्या तेव्हा पाळण्यात होता. त्या उताऱ्यावर माझं नाव आहे तर राहू दे ना! खातं काय ते नाव तुमचं?

नाही देणार सही. इथं लिहून ठेवते.

२० जुलै, रविवार

कट्ट्यावर एक प्रश्न आला. जसाच्या तसा उतरवते —

"सासऱ्यांनी स्वतः खरेदी केलेली जमीन त्यांच्या मृत्यूनंतर पती व नणंद यांच्या नावे आहे. पती सदर जमीन विकून अन्य शहरात व्यवसाय करू इच्छितात. पत्नीस विक्री थांबविता येईल काय?"

बघा! 'सदर'! 'करू इच्छितात'! बाई असं बोलली असेल का? ती रडत बोलली असेल. शिव्या देत बोलली असेल. पण कट्ट्यावर येणारा प्रश्न आधी पुण्यात धुतात. नाव काढायचं, गाव काढायचं, ओळख पटेल असं सगळं काढायचं, भाषा इस्त्री करायची आणि मग आमच्याकडे पाठवायचा. माणूस गाळून घेतात आणि चोथा आम्हाला देतात. मी मागे तक्रार केली होती की मला मूळ प्रश्न दाखवा, बोलण्यावरून निम्मी केस कळते. तर म्हणे, प्रायव्हसी पॉलिसी.

उत्तर लिहायला बसले आणि हातच थांबला. कारण खरं उत्तर वाईट आहे. नवरा जिवंत आहे तोवर त्याच्या वाट्याच्या जमिनीत बायकोला मालकी नाही. वडिलोपार्जित असती तर मुलांच्या नावानं तरी अडवता आलं असतं. सासऱ्यानं स्वतः घेतलेली, म्हणजे तीही वाट बंद. ती बाई त्या रानात हाडं झिजवत असेल, खुरपत असेल, आणि कागदावर तिचं अस्तित्वच नाही. विचारतो कोण तिला?

मग लक्षात आलं — नणंद!

लिहिलं — "तुम्हाला स्वतःच्या हक्काने थांबवता येणार नाही, खोटी आशा दाखवत नाही. पण नणंदेचं नाव उताऱ्यावर आहे तोवर वाटप झालेलं नाही. नवरा फार तर स्वतःचा अर्धा हिस्सा विकू शकतो, पण अशा एकत्र उताऱ्यात घेणारा सहसा हात घालत नाही. तेव्हा नणंदेला सांभाळा. तिला सांगा, काहीही झालं तरी हक्कसोड पत्रावर सही करू नको. तिनं न दिलेली सही हाच त्या विक्रीतला शेवटचा अडसर आहे."

पाठवून टाकलं. टोन सॉफ्ट नाही, पण खरं आहे.

२१ जुलै, सोमवार

त्या बाईचं उत्तर, पुन्हा धुतलेलं — "नणंदेशी संवाद नाही. नणंद स्वभावाने तापट असून तिच्याशी बोलण्याची भीती वाटते."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या! कसली भवानी आहे ही नणंद? वहिनी बिचारी भीतीनं मरतेय, अनोळखी माणसाला पैसे भरून विचारतेय, पण घरच्या बाईशी बोलायची सोय नाही. आम्ही बायकाच बायकांच्या उरावर बसतो. भेटली असती तर चार शब्द सुनावले असते तिला.

लिहिलं — "तापट माणसं बहुतेक वेळा आतून सरळ असतात. बोलून बघा."

२५ जुलै, शुक्रवार

आज नानांचा फोन. सूर्यभान नाना, आमचे चुलते. अण्णा गेल्यापासून घरातला मोठा माणूस म्हणजे तेच, आणि ते विसरू देत नाहीत.

"उज्वले, वकील झालीस म्हनून भावाच्या ताटातलं वढून घेशील व्हय? आमच्या घरात आजवर एका बी लेकीनं वाटा मागितला न्हाई."

"मी कुठं मागतेय नाना? जे आहे ते राहू दे म्हणतेय."

"तेच ते. गावात लोक तोंडावर इचारत्यात मला. उज्वला नाव का काढंना, म्हनून."

लोक! लोकांना उडीद खुरपायचे नाहीत का? मी म्हटलं, लोकांना माझा नंबर द्या. नानांनी फोन आपटला. मीही आपटला असता, पण मोबाईल आपटून काय मजा नाही.

दिवसभर डोकं भणभणलं. कोर्टात एका साध्या तारखेवर समोरच्या वकिलाशी तावातावानं भांडले. तो म्हणाला, "मॅडम, आज पाणी प्या जरा."

२८ जुलै, सोमवार

हे म्हणतात, "देऊन टाक ना सही. कशाला डोक्याला ताप? माहेर तरी राहील."

ह्यांच्या बहिणीनं सही दिली तेव्हा तिला ह्यांनी साडी दिली होती, आणि मी तेव्हाही बोलले होते. आता काढला तो विषय. तर ताट घेऊन टीव्हीपुढे जाऊन बसले.

पण रात्री पडल्यावर तेच डोक्यात घोळलं. माहेर. आई नाही, अण्णा नाहीत. उरलंय काय तिथं? ओट्यावरची पायरी, ती विहीर, आणि सुन्या. सुन्याचा राग येतो, पण तो माझ्या कडेवर वाढलाय. शाळेत त्याला कुणी मारलं की मी जाऊन त्या पोराचा कान पिरगळायची. आता त्याच्याच दारात मी वाटेकरी म्हणून उभी आहे. हे माझ्यानं सोसवत नाही. हो, नाही सोसवत! सही द्यायची नाही आणि माहेरही सोडायचं नाही, असं काहीतरी हवंय मला. असा कायदा मात्र नाही.

एक आहे. सुन्या जमीन विकणाऱ्यातला नाही, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगेन. तो हल्ली देवाधर्माला लागलाय. दर गुरुवारी शिर्डीला जातो म्हणे.

१ ऑगस्ट, शुक्रवार

त्या बाईनं पाच तारे दिलेत! शेरा — "मॅडमनी स्पष्ट सांगितले. आधार वाटला."

मॅडम! बाई आहे हे तिनं कसं ओळखलं कोण जाणे. दोनदा वाचला तो शेरा. पुण्याच्या पोरीला पाठवला, खाली लिहिलं — टोन बघा.

४ ऑगस्ट, सोमवार

पुन्हा तीच. "नणंद लवकरच घरी येणार आहे. कसे सांगावे?"

कसे सांगावे! हा काय वकिलाला विचारायचा प्रश्न आहे? पण तिला दुसरं कोण आहे विचारायला?

सगळं बाजूला ठेवून लिहिलं — "स्वयंपाकघरात गाठा, पुरुष माणसं नसतील तेव्हा. पाय धरू नका, रडू नका. एवढंच सांगा की हक्कसोड पत्र एकदा नोंदलं की परत फिरत नाही. फसवून किंवा धाकानं घेतलं हे कोर्टात सिद्ध करावं लागतं आणि कागद नीट असेल तर ते होत नाही. ती ऐकेल. बाईमाणूस आहे, तिलाही तिच्या बापाची जमीन दुसऱ्याच्या घशात गेलेली आवडणार नाही."

चांगलं लिहिलं मी. स्वतःच्या घरात एक वाक्य धड बोलता येत नाही, आणि इथं बघा.

९ ऑगस्ट, शनिवार. राखी

सगळं लिहिते, नाहीतर झोप लागायची नाही.

सकाळच्या एसटीनं गेले. हे आले नाहीत. पोरं — पार्थ आणि राजनंदिनी — धावत आली, पिशवी ओढून घेतली. नाना आधीच येऊन पलंगावर बसलेले. सुन्या नव्या शर्टात. नुसता हसला, डोळ्याला डोळा नाही दिला.

मी आत गेले. पंकजानं पुरणाचा घाट घातला होता. तांब्या पुढे केला, आणि मी घोट घेतेय तोवर दार लोटून घेतलं.

"वन्सं, त्या सहीचं जरा —"

झालं! मी घरात पाऊल टाकून पाच मिनिटं नाही झाली! निदान पोळी तव्यावर पडू द्यायची!

"त्या सहीचं तू बोलायचं नाही," मी म्हटलं.

"न्हाई वन्सं, आयका तरी. ते तसं न्हाई —"

"कसं नाही? सुन्यानं शिकवून पाठवलं का तुला? का तूच शिकवलंस त्याला? सगळं हवंय ना तुला, अख्खं? लग्न होऊन आलीस तेव्हापासून माझा एक शब्द या घरात राहू दिला नाहीस. आता नावसुद्धा नको!"

ती लाटणं हातात धरून उभी. तोंड पांढरंफटक. पुन्हा काहीतरी म्हणायला ओठ हलले तिचे, तेवढ्यात सुन्या आत आला. "काय चाललंय?" तर म्हणाली, "काय न्हाई." आणि वळली पोळपाटाकडे. बघा कशी! नवऱ्यासमोर लगेच गाय.

मग राखी बांधली. ओवाळलं. ताटात त्यानं साडी ठेवली, हिरवी, चांगली होती. मी उचलली. आणि साडीच्या घडीखाली कागद!

हक्कसोड पत्र. टाईप करून आणलेलं. ओवाळणीच्या ताटात! माझ्या अक्षता त्यावर पडलेल्या!

नाना म्हणाले, "आता साडी घे, सही दे, आन मोकळी हो. मंग दर सनाला हक्कानं ये. सही न्हाई तर पुढच्या राखीला यायचं तरी कशाला?"

मी सुन्याकडे बघितलं. म्हटलं, तू बोल. तू सांग मला. तर जमिनीकडे बघत म्हणाला —

"ताई, आन्ना आजारी हुते तवा मीच हुतो. हगनं-मुतनं मी काढलं. तू भिंगारवरनं फोन करायचीस."

मी फोन करायचे! दर शनिवारी एसटीला लोंबकळत यायचे ते फोन? तालुक्याचा डॉक्टर उभं करत नव्हता तेव्हा नगरला नेलं ते फोन? पण यातलं एकही तोंडातून बाहेर आलं नाही. जिथं बोलायला हवं तिथं माझी वाचा बसते आणि नको तिथं सुटते.

शेवटी बोलले ते हे — "घाल ती जमीन चुलीत! नको मला. एक ढेकूळ नको. सोमवारी जामखेडला येते आणि अंगठा, सही, काय हवं ते देते. लोकांना सांगा नाना, उज्ज्वला हावरट नाही!"

कागद पर्समध्ये कोंबला. साडी तिथंच ठेवली. पोळी न खाता निघाले. पोरं ओट्यावर उभी होती. पंकजा स्टँडपर्यंत मागे आली, मधूनमधून पळत. "वन्सं, थांबा. वन्सं!" मी वळूनसुद्धा बघितलं नाही. आता गोड बोलायला येतेय, काम झाल्यावर!

१० ऑगस्ट, रविवार

कागद वाचला. हसावं का रडावं! गट नंबर चुकलेला. अण्णांचं नाव एकीकडे रंगनाथ, दुसरीकडे नुसतं रंगा. चतुःसीमा अर्धीच. आणि स्वखुशीचा मजकूरच नाही. जामखेडच्या कुठल्यातरी टपरीत केलाय. असला कच्चा कागद उद्या कुणीही कोर्टात उभा राहून पाडेल.

आणि खाली नाव माझं! उद्या बाररूममध्ये म्हणतील, बाईनं मुद्दाम भोक ठेवलं, नंतर उलटायला. नाही! द्यायचं तर असं देईन की नानांच्या सात पिढ्यांनी बोट दाखवता कामा नये.

दुपारभर बसून नव्यानं लिहिला. प्रत्येक फट बुजवली. शेवटी घातलं — 'सदर पत्र मी कोणाच्याही दबावाखाली न येता, कायद्याची पूर्ण जाणीव असताना, राजीखुशीने लिहून देत आहे. भविष्यात याबाबत तक्रार करण्याचा मला हक्क राहणार नाही.' माझ्या आजवरच्या वकिलीत इतका पक्का कागद केला नव्हता.

हे म्हणाले, "रागात नको करू." मी म्हटलं, रागात नाही. पूर्ण शुद्धीवर आहे.

११ ऑगस्ट, सोमवार

झालं.

जामखेडच्या निबंधक कार्यालयात गर्दी. सुन्या, नाना आणि पंकजा आधीच येऊन बसलेले. मी माझा कागद पुढे केला. सुन्यानं न वाचताच मान हलवली. त्याला कसली घाई होती देव जाणे, सारखा फोन वाजत होता त्याचा आणि तो कोपऱ्यात जाऊन हळू बोलत होता.

कॅमेऱ्यासमोर बसले. अंगठा लावला. तिथल्या कारकुनानं नेहमीचं विचारलं, "बाई, राजीखुशीनं देताय ना?" मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हो! राजीखुशीनं!" दोन-चार डोकी वळली. वळू देत.

साक्षीदार म्हणून नानांनी सही केली, मग पंकजानं. सुन्यानं तिला हाताला धरून टेबलापाशी आणलं. तिच्या हातातून पेन दोनदा घसरलं. आनंद मावत नसेल! सही करून माझ्याकडे बघितलं तिनं. असं बघितलं की मला अजून राग येतोय. कीव करत होती का माझी? ज्यांचं घेतलं त्यांची कीव करायची?

बाहेर पायऱ्यांवर तिनं बाटली पुढे केली. "वन्सं, पानी तरी प्या." मी तिचा हात बाजूला सारला. पाणी सांडलं तिच्या पातळावर. ऊन मी म्हणत होतं, घशाला कोरड होती, तरी नाही प्यायले. वाटेतल्या कडा गावापर्यंत एसटीत उभी आले.

माहेर राखलं मी. नाना खूश. सुन्या पाया पडला. मग हे डोळे का वाहतायत? रागानं. दुसरं काही नाही.

१२ ऑगस्ट, मंगळवार

पुण्याची पोरगी — "मॅम, तुमचं रेटिंग खूप सुधारलंय! अशाच सौम्य राहा."

१३ ऑगस्ट, बुधवार

कट्ट्यावर तीच बाई. तातडीचा प्रश्न म्हणून या वेळी कुणी धुतला नाही, तसाच पुढे ढकललाय.

"म्याडम, तुमी सांगितलं तसं नणंदेला राखीला सयपाकघरात गाठलं. दार लोटलं, रडले न्हाई. पन ती अंगावर आली, बोलूच दिलं न्हाई. सवता वकील हाय ती. सोमवारी जामखेडला सही दिली तिनं. साक्षीला मालकानं माजीच सही घेतली. मी दिलेलं पानी बी पिली न्हाई. काल मालकानं शिर्डीच्या मानसाकडनं इसार घेतला, जमीन इकून शिर्डीतच लॉज काढायचा हाय मालकाला. कागद लई पक्का केलाय म्हनत्यात. तुमी म्हनला हुता परत फिरत न्हाई. खरंच कायच न्हाई का? तुमी सांगाल ते करीन."

उत्तराला चोवीस तास आहेत. खाली रिकामी चौकट उघडलीय. तिच्यात आधीपासूनच फिकट अक्षरात लिहून आलंय — कृपया भाषा सौम्य ठेवा.